तबकड्या आणि बोबडे बोल

मंडळाच्या पन्नास वर्षांच्या इतिहासात गणेशोत्सव, नाट्यप्रयोग, वास्तुनिधी आणि अध्यक्षांच्या कारकिर्दी यांना मानाचे स्थान मिळते, आणि ते योग्यच आहे. परंतु बृहन्महाराष्ट्रातील मराठी कुटुंबाचा आणखी एक इतिहास असतो. त्याचे इतिवृत्त कोणी लिहीत नाही आणि त्यावर सूचक-अनुमोदकांच्या सह्याही नसतात. तो पाळण्याशेजारी घडतो. दीड-दोन वर्षांचे मूल कोणत्या भाषेत बोबडे बोलू लागते, यावर त्या घरातील मराठीचे पुढील आयुष्य अवलंबून असते. या लेखात आम्ही त्याच इतिहासाकडे वळणार आहोत. मुलांचे बोबडे बोल आणि घरातील गाण्यांच्या तबकड्या हे दोन विषय दिसावयास निराळे आहेत. पण परप्रांतातील घरात त्यांची गाठ पडल्यावाचून राहत नाही.

प्रथम बोबड्या बोलांविषयी. चार्ल्स डार्विनने आपल्या थोरल्या मुलाच्या वाढीची टिपणे ठेवली होती. ती त्याने 1877 साली लेखरूपाने प्रसिद्ध केली. मूल बरोबर एक वर्षाचे झाले तेव्हा त्याने अन्नासाठी 'मम' असा शब्द आपणहून बनविला, असे त्यात नमूद आहे. मराठी आईला याचे नवल वाटणार नाही. आपल्याकडे भाताचा पहिला घास 'मंमं' म्हणूनच भरविला जातो. ओठ मिटून नाकावाटे काढलेला हा ध्वनी मुलास सर्वांत सुलभ असतो. रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने त्याचा संबंध स्तनपानाशी जोडला आहे: मुखात स्तन असताना मुलास एवढाच हुंकार काढता येतो.

मराठी बाळबोलीचा शास्त्रीय अभ्यासही झालेला आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील ख्यातनाम भाषाशास्त्रज्ञ डॉ. अशोक केळकर यांनी 1964 साली या विषयावर इंग्रजीत स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी जगातील सहा भाषांतील बाळबोलीची तुलना केली. त्या सहांत अरबी, स्पॅनिश, इंग्रजी यांच्या पंक्तीस मराठीही होती. या अभ्यासांतून एक मोठी मजेची गोष्ट पुढे येते. भूभू, माऊ, हम्मा, चिऊ-काऊ, बाऊ, गाई-गाई, भुर्र हे शब्द आपण मुलांचे समजतो. वस्तुतः ते मोठ्यांचे आहेत. आजी ते आईस देते आणि आई बाळास. म्हणजे बाळबोली हा वारसा आहे, आणि इतर वारशांप्रमाणे तो एका पिढीच्या हलगर्जीपणाने बुडू शकतो.

आता तबकड्यांकडे वळू. आमचे वास्तव्य कोलकात्यात, म्हणजे त्या वेळच्या कलकत्त्यात झाले, आणि हिंदुस्थानातील ध्वनिमुद्रणाचा आरंभही याच शहरात झाला. नोव्हेंबर 1902 मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग येथे आले आणि त्यांनी गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. गाणे संपताच गौहरजान इंग्रजीत स्वतःचे नाव सांगत. कारण तबकडी छापली जाई दूर जर्मनीत हानोव्हर येथे. पुढे 1908 मध्ये कलकत्त्यातच सियालदह येथे कारखाना निघाला आणि कालांतराने तो दमदमला गेला. जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकड्यांचा एक मुख्य घटक म्हणजे लाख, आणि ती छोटानागपूरच्या जंगलात मुबलक होई. बालगंधर्वांची नाट्यपदे किंवा हिराबाई बडोदेकरांची गाणी असलेल्या 'हिज मास्टर्स व्हॉइस'च्या ज्या तबकड्या पुण्या-सांगलीच्या घरांत वाजत, त्या या पूर्वेकडच्या कारखान्यात छापलेल्या असत. मराठी गाणे देशाकडून आमच्याकडे आले असे आम्ही म्हणतो खरे. पण तबकडीपुरते पाहिले तर ते येथून तिकडे गेले होते.

78 फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपे. दीर्घमुद्रिका आल्यावर वीस मिनिटांहून अधिक वेळ गाणे चालू राहू लागले आणि तबकडीला पाळण्याशेजारी जागा मिळाली. आमच्या थोरल्या कन्येचे बालपण अशा तीन-चार तबकड्यांच्या संगतीत गेले. त्यांत ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे गीतरामायण होते. 1955 च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीने त्याची 56 गीते वर्षभर आठवड्यास एक या क्रमाने ऐकविली होती. हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत आणि लताबाईंचा स्वर असलेली 1974 ची 'शिवकल्याण राजा' ही तबकडी होती. मीना खडीकरांनी चाली दिलेली बालगीते होती. मुलीचे लाडके मात्र गाणे नव्हते. तबकडीच्या मधोमध कर्ण्यापुढे बसलेला कुत्रा तिला सर्वांत प्रिय होता, आणि म्हणून कोणतीही तबकडी हवी असली की तिची मागणी एकच असे: "भूभू लाव!" मग प्रभू रामचंद्र आणि शिवछत्रपती हे दोघेही आमच्या घरी काही काळ 'भूभू' या नावानेच ओळखले जात.

दोन वर्षांच्या मुलास 'ळ' येत नाही, 'र' येत नाही. 'बाळ'चे 'बाल' होते आणि 'राम' 'लाम' होतो. पुण्यात कोणी त्याची चिंता करीत नाही. वाडा, गल्ली, शाळा ते काम आपोआप करतात. आमची अडचण निराळी होती. बंगालीत 'ळ' नाही आणि 'ण'चा उच्चार 'न' होतो. त्यामुळे मुलगी 'बाल' म्हणाली की ते वयाचे बोबडेपण की प्रांताचे, हे समजावयास मार्ग नसे. बंगालीत पाणी 'खातात', म्हणून तीही "पाणी खायचं" म्हणे. बंगालीच्या व्याकरणात स्त्रीलिंग-पुल्लिंगाचा भेद नाही, म्हणून आमच्या घरी "आई आला" आणि "बाबा गेली" हेही चालू असे. आम्ही हसत होतो, आणि हसता हसता मनातून धास्तावतही होतो.

येथे एका अंगाईचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. बंगालच्या घराघरांत गायिल्या जाणाऱ्या त्या जुन्या गाण्यात बाळ निजल्यावर गल्ली शांत होते आणि देशात 'बर्गी' येतात; पाखरांनी धान्य खाल्ले, आता सारा कशातून भरावा, असा प्रश्न आई विचारते. बर्गी म्हणजे बारगीर, अर्थात आपलेच मराठे स्वार. 1742 पासून नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. 1744 मध्ये त्यांचा सेनानी भास्करराम कोल्हटकर यास अलीवर्दीखानाने भेटीस बोलावून ठार मारविले. अखेर 1751 च्या तहात वार्षिक बारा लाखांची चौथाई ठरली. याच भयाने कलकत्त्याभोवती 'मराठा खंदक' खणला गेला होता. आमच्या शेजारच्या वृद्ध माशीमा आमच्या मुलीस मांडीवर घेऊन हीच अंगाई म्हणत. अर्थ लक्षात आल्यावर आम्ही एकदा म्हणालो, "माशीमा, ते बर्गी म्हणजे आम्हीच की!" त्या हसून म्हणाल्या, "ठाऊक आहे. म्हणूनच तर बर्गीच्या लेकीला आधी निजवते." एका खोलीत तबकडीवर शिवरायांचे गुणगान आणि दुसरीत बर्गींचे भय, अशा दोन इतिहासांच्या मध्ये आमचे मूल निर्धास्त झोपे.

मुलीस 'ळ' आला तो चौथ्या वर्षी. गीतरामायणातला प्रत्येक 'ळ' तिने शेकडो वेळा ऐकला होता. सुई पुन्हा पुन्हा मागे ठेवून आम्ही तो ऐकविलाही होता. परंतु तो तिच्या जिभेवर आला साताऱ्यास, उन्हाळ्याच्या सुटीत, चुलत भावंडांशी भांडताना. तिचे "माजी बाहुली, तुजी नाही, पल!" हे वाक्य तेथे कोणी ऐकून घेतले नाही. पंधरवड्यात ती स्वच्छ "पळ!" म्हणू लागली.

आमच्या घरच्या या अनुभवाशी जुळणारा शास्त्रीय आधार पुढे वाचनात आला. अमेरिकेतील पॅट्रिशिया कूल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषकांनी समोर बसून बारा बैठकींत गोष्टी वाचून दाखविल्या, खेळविले. त्या बाळांना चिनी ध्वनींतील सूक्ष्म भेद कळू लागले. तेच बोलणे चित्रफितीवरून किंवा ध्वनिफितीवरून ऐकलेल्या बाळांना मात्र काहीही लाभ झाला नाही. तबकडी सूर देते, चाल देते, मायभूमीची ओढ देते. परंतु ती प्रश्न विचारीत नाही, उत्तराची वाट पाहत नाही आणि चूक झाली तर हसतही नाही. मुलास भाषा येते ती कोणाला तरी काही सांगावयाचे असते म्हणून.

आज ही गोष्ट अधिकच लक्षात घ्यावयास हवी. तबकडी गेली, ध्वनिफीतही गेली, आणि खिशातल्या दूरध्वनीवर हवे ते बालगीत क्षणात वाजते. आमचा नातू बंगळुरास वाढतो आहे. मराठी गाणी त्याला पाठ आहेत, मराठी त्याला समजते. उत्तर मात्र तो इंग्रजीत देतो. गाण्यांची टंचाई नाही, टंचाई आहे ती मराठीत भांडणाऱ्या भावंडांची.

म्हणून मंडळास एक नम्र विनंती आहे. ग्रंथालयातील जुन्या तबकड्या अवश्य जतन कराव्यात. त्या आपला ठेवा आहेत. परंतु रविवारचा बालवर्ग, मुले मोजकीच येतात या कारणास्तव, बंद होऊ देऊ नये. पाच मुले आली तरी ती आपसांत मराठीत खेळतील, रुसतील, एकमेकांच्या चुका काढतील. ज्या आजी-आजोबांना सवड आहे त्यांनी तेथे येऊन बसावे. शिकविण्याची आवश्यकता नाही, मुलांनी काही विचारले तर उत्तर द्यावे आणि दोन प्रश्न आपणही विचारावेत, एवढे पुरे. पुढील पन्नास वर्षांचे सभासद त्या खोलीत बोबडे बोलत असतील.