शॅमेलिऑन आजारी दिसतोय? लक्षणे, पहिली मदत आणि कायदा

मानवत, पाथरी, सेलू या भागात बांधावरच्या बाभळीवर किंवा काटेरी कुंपणावर कधीकधी एक हिरवा, चपट्या अंगाचा सरडा दिसतो. तो पानासारखा पुढे-मागे डुलत चालतो आणि त्याचे दोन डोळे दोन वेगळ्या दिशांना फिरतात. हा शॅमेलिऑन. त्याला कुठे घोयरा म्हणतात, कुठे सरडगुहिरा. मुले त्याला उचलून घरी आणतात, खोक्यात ठेवतात, रंग बदलताना व्हिडिओ काढतात. तीन-चार दिवसांनी तो डोळे मिटून एका जागी पडून राहतो आणि मग प्रश्न पडतो: याला झाले काय?

या लेखात आजारी शॅमेलिऑन कसा ओळखावा, पहिल्या काही तासांत काय करावे आणि मदत कुठे मागावी, हे पाहू.

थोडक्यात महत्त्वाचे

- दिवसा डोळे मिटलेले असणे, डोळे खोल जाणे आणि फांदीवरची पकड सुटणे ही धोक्याची लक्षणे आहेत.
- शॅमेलिऑन वाटीतले पाणी सहसा पीत नाही. तो पानांवरचे थेंब चाटतो.
- भारतीय शॅमेलिऑन हा संरक्षित वन्यप्राणी आहे. तो पाळता येत नाही.
- जखमी किंवा आजारी शॅमेलिऑन सापडल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

हा प्राणी नेमका कोणता?

अंगणात किंवा कुंपणावर मान वर-खाली करणारा, पटकन पळणारा सरडा वेगळा. विणीच्या काळात त्याचा गळा लाल होतो, म्हणून लोक त्यालाही रंग बदलणारा सरडा म्हणतात. पण तो शॅमेलिऑन नव्हे.

शॅमेलिऑनची ओळख सोपी आहे. डोक्यावर टोपीसारखा उंचवटा असतो. शेपूट गुंडाळता येते आणि ती फांदीला धरून ठेवते. पायाची बोटे चिमट्यासारखी दोन गटांत जोडलेली असतात. भारतात शॅमेलिऑनची एकच जात आढळते. तिचे शास्त्रीय नाव कॅमेलिओ झेलॅनिकस. श्रीलंकेतही ती आहे.

हा प्राणी विषारी नाही. त्याच्या फुंकरीने किंवा नजरेने काही होते, हा गैरसमज आहे. भीती वाटली की तो अंग फुगवतो, तोंड उघडतो आणि फुत्कारतो. फार डिवचले तर चावतो, पण त्याने विषबाधा होत नाही. या गैरसमजापायी अनेक शॅमेलिऑन दगडाने मारले जातात.

घरी ठेवता येतो का?

नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार भारतीय शॅमेलिऑन पकडणे, बाळगणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. शिक्षेत तुरुंगवास आणि दंड दोन्हींची तरतूद आहे. आजारी प्राणी मदतीसाठी उचलला असेल, तर त्याची माहिती ४८ तासांच्या आत जवळच्या पोलिस ठाण्याला किंवा वन अधिकाऱ्यांना द्यावी लागते. म्हणजे मदत करण्यावर बंदी नाही. मदतीच्या नावाखाली ठेवून घेण्यावर आहे.

येमेन-सौदी अरेबियातला व्हेल्ड शॅमेलिऑन किंवा मादागास्करचा पँथर शॅमेलिऑन या परदेशी जातींचे नियम वेगळे आहेत. या जाती साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत. २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर आणि २०२४ मध्ये आलेल्या नियमांनुसार अशा प्राण्याची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. कागदपत्रांशिवाय विकला जाणारा शॅमेलिऑन घेऊ नये.

आजारी आहे हे कसे ओळखावे?

निरोगी शॅमेलिऑन दिवसभर डोळे फिरवत असतो. तो हळू चालतो, पण फांदी घट्ट धरतो. त्याने बोट पकडले तर सोडवायला थोडा जोर लागतो. या तुलनेत पुढील बदल पाहावेत:

- डोळे: दिवसा मिटलेले, खोल गेलेले किंवा सुजलेले. खोल गेलेले डोळे बहुतेक वेळा अंगातले पाणी कमी झाल्याची खूण असतात.
- पकड: फांदीवरून वारंवार पडणे, जमिनीवर पसरून बसणे.
- श्वास: कोणी जवळ नसतानाही तोंड उघडे, मान वर करून श्वास घेणे, नाकातोंडाशी बुडबुडे किंवा चिकट लाळ.
- हातपाय आणि जबडा: पाय वाकडे होणे, थरथरणे, जबडा मऊ पडणे, जीभ आत न जाणे.
- विष्ठा: विष्ठेसोबतचा पांढरा भाग गडद पिवळा किंवा नारिंगी होणे. हीही पाणी कमी पडल्याची खूण.
- सूज: सांधे, ओठ किंवा पोट फुगणे.

एकटे लक्षण पाहून घाबरू नये. दोन-तीन लक्षणे एकत्र दिसली, तर थांबू नये. शॅमेलिऑन आजार लपवतो. जंगलात अशक्त दिसणारा प्राणी आधी शिकार होतो. म्हणून बाहेरून आजार दिसू लागतो, तेव्हा तो बराच पुढे गेलेला असतो.

रंग काळा पडला म्हणजे आजारी का?

नेहमीच नाही. सकाळच्या थंडीत ऊन शोषण्यासाठी तो गडद होतो. हातात धरल्यावर, भीतीनेही काळपट पडतो. रात्री झोपेत फिका दिसतो.

तो आजूबाजूच्या रंगात मिसळण्यासाठीच रंग बदलतो, ही समजूतही अपुरी आहे. तापमान, भीती, जोडीदार किंवा प्रतिस्पर्धी यांचा त्यात मोठा वाटा असतो. जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये पँथर शॅमेलिऑनवरील अभ्यासात दाखवले की त्वचेतील काही पेशींमध्ये ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. त्यांच्यातील अंतर बदलले की परावर्तित होणारा प्रकाश बदलतो आणि आपल्याला वेगळा रंग दिसतो.

व्हिडिओसाठी त्याला लाल-पिवळ्या कापडावर ठेवून रंग बदलायला लावणे म्हणजे त्याला घाबरवणे. ऊन आणि सावली दोन्ही मिळूनही दिवसभर तो काळपट किंवा मलूल राहिला, तर मात्र काळजीचे कारण आहे.

आजारपणाची नेहमीची कारणे

१. पाणी कमी पडणे. माणसाच्या घरात आणलेल्या शॅमेलिऑनच्या बाबतीत हे फार घडते. समोर वाटीभर पाणी असते, पण साचलेले, स्थिर पाणी त्याला पाणी म्हणून ओळखू येत नाही. तो वाटीशेजारीच तहानलेला राहतो. मे महिन्यात परभणी जिल्ह्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा हा धोका आणखी वाढतो.

२. उष्माघात. पत्र्याखाली, गाडीत, काचेच्या पेटीत किंवा बंद प्लास्टिकच्या डब्यात ठेवलेला शॅमेलिऑन थोड्या वेळात दगावू शकतो. सरपटणारे प्राणी घाम गाळून अंग थंड करू शकत नाहीत. सावलीत सरकणे हाच त्यांचा उपाय असतो आणि बंद डब्यात तो नसतो.

३. हाडे ठिसूळ होणे. कॅल्शियम शरीरात मुरायला ड जीवनसत्त्व लागते आणि ते तयार व्हायला सूर्यप्रकाशातील अतिनील किरण लागतात. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात हे किरण जवळजवळ नसतात. घरातला साधा एलईडी दिवाही ते देत नाही. बंद खोलीत महिनोन्‌महिने ठेवलेल्या प्राण्याचे पाय त्यामुळे वाकतात, जबडा मऊ पडतो.

४. फुप्फुसाचा आणि तोंडाचा संसर्ग. कोंदट, हवा न खेळणारी जागा आणि चुकीचे तापमान यांमुळे होतो. चमच्याने किंवा ड्रॉपरने बळजबरीने पाणी पाजले आणि ते श्वासनलिकेत गेले, तरी फुप्फुसे बिघडतात.

५. अंडी अडकणे. मादी अंडी घालायला झाडावरून उतरते आणि मातीत बीळ खणते. खणायला माती मिळाली नाही, तर अंडी पोटातच अडकू शकतात. पोट फुगलेली, सतत खाली-वर फिरणारी आणि खाणे सोडलेली मादी पाहिली, तर ही शक्यता लक्षात घ्यावी.

६. फवारणी आणि अपघात. मानवत हा कापसाचा पट्टा आहे. फवारलेल्या शेतातले किडे खाणाऱ्या प्राण्यांच्या अंगातही औषध जाऊ शकते. थरथर, लाळ आणि अंग लुळे पडणे दिसले, तर शेतात अलीकडे कोणती फवारणी झाली ते डॉक्टरांना सांगावे. शक्य असल्यास औषधाच्या बाटलीवरील नावाचा फोटो काढून ठेवावा.

पहिल्या काही तासांत काय करावे?

१. मांजर, कुत्रा आणि गर्दी दूर करावी.
२. हाताने दाबून पकडू नये. समोर काठी धरावी, तो स्वतः त्यावर चढतो. नसेल चढत, तर अंगाखाली हात घालून अलगद उचलावे. शेपटी ओढू नये.
३. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात आडवी फांदी ठेवावी. पकड सुटत असेल, तर तळाशी मऊ कापड घालावे.
४. खोके सावलीत, शांत आणि हवेशीर जागी ठेवावे.
५. प्राणी शुद्धीवर असेल, तर पानांवर स्वच्छ पाण्याचा बारीक फवारा मारावा. थेंब त्याला स्वतः चाटू द्यावेत.
६. आधी फोटो आणि जागेची माहिती घेऊन वन विभागाला कळवावे.
७. हात साबणाने धुवावेत. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात.

काय करू नये?

- दूध, भात, अंडे, फळे किंवा मटण भरवू नये.
- माणसांची प्रतिजैविके, तापाच्या गोळ्या किंवा जनावरांचे जंताचे औषध देऊ नये.
- जखमेवर हळद, तेल किंवा रॉकेल लावू नये.
- बर्फाचे पाणी ओतू नये.
- पाहायला आलेल्या प्रत्येकाच्या हातात देऊ नये.

नोंदणीकृत परदेशी शॅमेलिऑन असेल तर

डॉक्टरांकडे जाण्याआधी पिंजरा तपासावा. तो जाळीचा आणि उंच असावा. एका टोकाला उबदार जागा, दुसऱ्या टोकाला थंड जागा असावी. अतिनील किरणांचा दिवा उजेड देत असला, तरी काही महिन्यांनी त्यातील किरण कमी होतात, म्हणून तो कधी बदलला याची नोंद ठेवावी. किड्यांना आधी हिरवा पाला खाऊ घालून, मग कॅल्शियमची पूड लावून द्यावे. शेवटचे खाणे, शेवटची विष्ठा, वजन आणि पिंजऱ्याचे तापमान लिहून नेले, तर निदान लवकर होते.

मानवतमधून मदत कुठे मिळेल?

वन विभागाची हेल्पलाइन १९२६. तिथून जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयापर्यंत माहिती पोहोचते. तालुक्यातले पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गाई-म्हशी आणि शेळ्यांसाठी असतात. परभणीत महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. निघण्यापूर्वी फोन करून सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे डॉक्टर उपलब्ध आहेत का, ते विचारावे. वन्यप्राणी असेल, तर नेण्याचा निर्णय वन कर्मचाऱ्यांनी घ्यावा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रस्त्यावर चालणारा शॅमेलिऑन आजारी असतो का?
बहुतेक वेळा नाही. तो फक्त रस्ता ओलांडत असतो. तो ज्या दिशेने निघाला होता, त्या बाजूच्या झुडपावर काठीने सोडावे. मादी माती खणत असेल, तर तिला हलवू नये.

बरा झाल्यावर कुठेही सोडला तर चालेल?
नाही. जिथे सापडला त्याच परिसरात, वन विभागाच्या सल्ल्याने सोडावा. म्हणून सापडल्याची जागा लिहून ठेवणे महत्त्वाचे.

चार दिवस घरात ठेवला, आता कळवले तर गुन्हा दाखल होईल का?
४८ तासांची मुदत उलटली असली, तरी लगेच कळवणे हाच योग्य मार्ग आहे. भीतीपोटी लपवून ठेवल्यास कायद्याची अडचण वाढते आणि प्राण्याच्या हातातला वेळही जातो.