क्लच गेला म्हणण्याआधी पेडलचा प्ले मोजा

घाटंजी : कापसाचा हंगाम सुरू झाला की बाजार समितीकडे आणि जिनिंगकडे भरलेल्या गाड्यांची रांग लागते. रांग एका वेळी दहा-पंधरा फूट सरकते. तेवढ्यासाठी कोण गिअर काढतो? ड्रायव्हर पहिला गिअर टाकून, अर्धा क्लच दाबून गाडी धरून ठेवतो. संध्याकाळपर्यंत जळका वास येतो आणि हंगाम सरताना गॅरेजमध्ये एकच तक्रार ऐकू येते, क्लच गेला.

पण प्रत्येक वेळी क्लच गेलेलाच असतो असे नाही. आमच्या घरच्या जुन्या गाडीचेच सांगतो. पांढरकवड्याला वलीम्यासाठी निघालो, तर रिव्हर्स गिअर कर्रकर्र करायला लागला. एका मिस्त्रीने बोनेट न उघडताच पूर्ण क्लच सेट बदलायला सांगितले. दुसऱ्याने आधी पायाखाली पाहिले. नवी जाड मॅट सरकून पेडलखाली दुमडली होती, त्यामुळे पेडल पूर्ण खाली जातच नव्हते. मॅट काढली, काम झाले. म्हणून पहिली तपासणी पायाखालची. दुसरी सीटची. पेडल तळाला टेकल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा. घरात एकच गाडी अब्बू, भाऊ आणि बहीण असे तिघे चालवत असतील तर सीट प्रत्येकाने आपल्यापुरती लावून घ्यावी. अर्धवट दाबलेला क्लच हा पुष्कळदा सीट लांब असल्याचा परिणाम असतो.

आता मुख्य मुद्दा, प्लेचा. पेडल हाताच्या बोटांनी हळू दाबून पाहा. सुरुवातीला ते अगदी हलके जाते, मग जोर लागायला लागतो. त्या हलक्या अंतराला मिस्त्री लोक प्ले म्हणतात. पेडलशेजारी पट्टी उभी धरून तो मोजता येतो. केबलवर चालणाऱ्या जुन्या छोट्या गाड्यांत तो साधारण 15 ते 25 मिलिमीटर असतो, पण आपल्या गाडीचा नेमका आकडा गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत पाहावा.

हा प्ले दोन कारणांनी बदलतो, आणि दोन्हींची दिशा उलटी आहे. इथेच लोकांची गल्लत होते. तार ताणली गेली किंवा नट सरकला की प्ले वाढतो. मग पेडल तळापर्यंत दाबूनही क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर अडतो. उलट क्लच प्लेट झिजत जाते तसा प्ले कमी होतो, पेडल बरेच वर आल्यावर गाडी उचलते. प्ले अगदीच संपला तर पाय पेडलवर नसतानाही क्लच किंचित दाबलेलाच राहतो. मग प्लेट घसरते, तापते आणि आणखी लवकर झिजते. सवयीने डावा पाय पेडलवर टेकवून गाडी चालवली तर चांगल्या गाडीतही हेच घडते.

मारुती 800 ही 1983 पासून 2014 पर्यंत बनली. ती आणि तिच्यासारख्या केबलच्या इतर गाड्या अजून चालतात, म्हणून तिचेच उदाहरण घेऊ. बोनेट उघडून क्लचची तार गिअरबॉक्सकडे कुठे जाते ते पाहा. टोकाला आटे आणि नट असतात. लॉकनट असेल तर आधी तो ढिला करावा. नट आवळला की तार ताणते आणि प्ले कमी होतो, ढिला केला की वाढतो. एका वेळी एक-दोन फेरेच द्यावेत, पेडल चार-पाच वेळा दाबावे आणि पुन्हा मोजावे. शेवटी लॉकनट आवळायला विसरू नये. ओम्नीत इंजिन सीटखाली असल्याने गाडीखाली शिरावे लागते. अशा वेळी नुसत्या जॅकवर भरवसा नको, पक्के स्टँड लावावे आणि चाकांना दगड द्यावेत.

पेडल कडक झाले असेल तर नट फिरवून उपयोग नाही. पावसाळ्यात आपल्याकडची काळी माती आणि पाणी तारेच्या आवरणात शिरते, आतले धागे गंजतात आणि एकेक तुटू लागतात. अशी तार बदलूनच टाकावी. नाहीतर ती भर रस्त्यात तुटते.

काही गाड्यांत तार नसते, तेल असते. त्यात पेडल आपोआप जुळते, त्यामुळे नट शोधत बसू नये. पेडल मऊ पडले, दोनदा मारल्यावर गिअर पडू लागला, तर लाइनमध्ये हवा शिरली आहे किंवा सिलिंडर गळतो आहे. पेडलच्या वरच्या बाजूला ओल दिसते का पाहा, डबीतली पातळी पाहा. झाकणावर लिहिलेले डॉट 3 किंवा डॉट 4 ब्रेक ऑइलच टाकावे. इंजिन ऑइल चुकूनही नको, आतले रबर फुगून निकामी होते. ब्रेक ऑइल रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे. गळती न शोधता फक्त हवा काढून देणारा मिस्त्री आठ दिवसांनी पुन्हा तुम्हाला बोलावणार.

प्लेट खरेच संपली आहे का, हे पाहायला सपाट मोकळ्या जागी हँडब्रेक पूर्ण ओढा, तिसरा गिअर टाका आणि थोडा अ‍ॅक्सिलरेटर देत क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडले तर प्लेट पकडते आहे. इंजिन चालूच राहिले तर घसरते आहे. ही चाचणी एकदाच करावी, सारखी केली तर प्लेटच जळते. चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, हेही तेच लक्षण. गाडी उचलताना थरथरत असेल तर प्लेटवर तेल किंवा ढिले माउंटिंग असू शकते. पेडल दाबल्यावर घरघर येत असेल तर रिलीज बेअरिंगवर संशय घ्यावा. पेडल सोडल्यावर आवाज येत असेल आणि दाबल्यावर थांबत असेल, तर गिअरबॉक्सचे बेअरिंग पाहावे.

कामासाठी बाहेरगावी असलेल्यांची गाडी महिनोन्महिने दारात उभी राहते. पावसाळ्यानंतर तिची प्लेट गंजून चिकटते आणि पेडल दाबूनही गिअर पडत नाही. घरच्यांनी आठवड्यातून एकदा इंजिन सुरू करून पेडल पाच-सात वेळा दाबले तरी पुरते.

सेट बदलायची वेळ आलीच तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकत्र बदलावे. गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याची मजुरीच जास्त जाते. त्याच वेळी फ्लायव्हील आणि मागचे ऑइल सील बघायला सांगा, कारण सील गळत असेल तर नवी प्लेटही तेलात भिजेल. आत साचलेली धूळ हवेच्या प्रेशरने उडवू देऊ नका. जुन्या प्लेटच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि गॅरेजमध्ये काम करणारी पोरं ते श्वासात घेतात. ओल्या फडक्याने पुसायला सांगा. काढलेली प्लेट मागून हातात घेऊन पाहा. रिव्हेट अस्तराच्या पातळीला आले असतील तर सेट वेळेवर बदलला. अस्तर अजून जाड आणि कोरडे असेल, तर बिल देण्याआधी मिस्त्रीला विचारा की तारेचा प्ले त्याने मोजला होता का.