लाकडावरची खूण : गेवराईच्या माळवदापासून युरोपच्या ‘सीई’ चिन्हापर्यंत

१/
प्रमाणित प्लायवुडचा तक्ता गेवराईच्या बाजारात घेतला, तर त्यावर आयएसआयचा शिक्का आणि परवान्याचा क्रमांक असतो. बांधकामासाठीचा तसाच तक्ता युरोपात घेतला, तर त्यावर ‘सीई’ ही दोन अक्षरे असतात. दोन्ही चिन्हांचा अर्थ गिऱ्हाईक एकच लावते : माल चांगला आहे. प्रत्यक्षात ही दोन चिन्हे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. लाकडावर खूण करण्याचा इतिहास म्हणजे या बदलत गेलेल्या प्रश्नांचा इतिहास. मराठवाड्यात त्याला १९९३ च्या एका पहाटेचाही संदर्भ आहे.

२/
गेवराई हा बीड जिल्ह्यातील गोदाकाठचा तालुका. १७६३ मध्ये थोरल्या माधवरावांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला ते राक्षसभुवन याच तालुक्यात आहे. पुढेही हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानातच राहिला आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानाबरोबर मुक्त झाला. या पट्ट्यातील जुन्या घरांची ओळख म्हणजे माळवद, अर्थात लाकडाच्या सांगाड्यावर मातीचा जाड थर देऊन केलेले सपाट छत.

३/
माळवदाची रचना पाहण्यासारखी आहे. दगडी उथळ्यांवर लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलचा आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा थर. ही माती उन्हाळ्यात घर थंड ठेवते. पावसाळ्याआधी तिच्यावर पुन्हा माती टाकण्याची रीत होती. त्यामुळे दर पिढीगणिक छताचे ओझे वाढत जाई. दोन तुळयांमधल्या जागेला ‘खण’ म्हणत. घर किती मोठे, हे खणांवरून सांगितले जाई. ‘पाच खणांचा वाडा’ म्हटले की ऐकणाऱ्याला घराचा आकार कळे. लाकूड हे घराचे माप होते.

४/
ते लाकूड चांगले की वाईट हे ठरवणारा माणूस म्हणजे गावचा सुतार. बारा बलुतेदारांपैकी तो एक. शेतीच्या अवजारांच्या कामाबद्दल त्याला सुगीला धान्याचे बलुते मिळे. तो गाठ कुठे आहे ते पाही, रेषा सरळ जाते की तिरकी ते निरखी, ठोकून आवाज ऐके, वाळले आहे की ओले ते जोखी. तुळई वाकली तर जाब कोणाला विचारायचा हे अख्ख्या गावाला ठाऊक असे, म्हणून त्या तुळईवर शिक्क्याची गरज नव्हती. अर्थात ही हमी गावाच्या शिवेपुरतीच चाले. शिवाय ती जातीने नेमून दिलेल्या कामावर उभी होती. तिचे गोडवे गाताना ही बाजू विसरता येत नाही.

५/
लाकूड शिवेबाहेरून येऊ लागले तशी त्यावर खूण आली. ब्रिटिश मुलखात १८७८ आणि पुढे १९२७ च्या वन कायद्याने लाकडाच्या वाहतुकीवर नियंत्रण आणले. ओंडक्यावर हातोड्याने ठसा उमटवला जाई. १९२७ च्या कायद्याच्या ६३ व्या कलमाने अशी खूण खोटी करणे किंवा पुसणे हा गुन्हा ठरवला. या ठशाचा प्रश्न एकच होता : हे लाकूड कोणाचे? सरकारचे की खासगी, नियमाने तोडलेले की चोरीचे? ते किती भार पेलेल, याच्याशी त्या ठशाला कर्तव्य नव्हते. वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगी ही पहिली गोष्ट : लाकडावरची शासकीय खूण आधी मालकीची होती, गुणवत्तेची नंतर झाली.

६/
गुणवत्तेचा प्रश्न ऐरणीवर आला तो प्लायवुडमुळे. लाकडाचे पातळ पापुद्रे सोलून, रेषा एकमेकींना काटकोनात ठेवून, गोंद लावून दाबले की प्लायवुड तयार होते. सुताराच्या डोळ्याला इथे मर्यादा आली. वरचा पापुद्रा देखणा असला, तरी आतला गोंद कोणता हे तक्ता ठोकून कळत नाही. युरिया-फॉर्मल्डिहाइडचा गोंद दमटपणा सोसतो, पण सतत पाण्यात टिकत नाही. फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचा गोंद उकळते पाणीही सोसतो. दोन्ही तक्ते दुकानात शेजारी ठेवले, तर अनुभवी माणूसही फसू शकतो. ज्ञान हातातून निघून प्रयोगशाळेत गेले.

७/
भारताने या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणजे आयएसआय. भारतीय मानक संस्था जानेवारी १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या काही महिने आधी स्थापन झाली. १९५२ च्या कायद्याने तिला प्रमाणचिन्ह देण्याचा अधिकार मिळाला. मानकांच्या यादीत क्रमांक १ राष्ट्रध्वजाचा आहे आणि क्रमांक १० चहाच्या प्लायवुड पेट्यांचा! देशातील प्लायवुड उद्योग सुरुवातीला चहाच्या पेट्यांवरच वाढला, हे त्यामागचे कारण. साध्या प्लायवुडसाठी आयएस ३०३, सागरी प्रतीच्या प्लायवुडसाठी आयएस ७१० ही मानके आजही सुतारकामाच्या दुकानांत नावाने ओळखली जातात.

८/
युरोपचा प्रश्न वेगळा होता. तिथे प्रत्येक देशाची मानके आणि चाचण्या आपापल्या होत्या. एका देशात तपासलेला तक्ता सीमा ओलांडली की पुन्हा तपासावा लागे. वेगवेगळे नियम म्हणजे न दिसणारा जकातनाकाच. १९७९ मध्ये युरोपीय न्यायालयाने एका फ्रेंच मद्याच्या खटल्यात निवाडा दिला : एका सदस्य देशात कायदेशीरपणे विकला जाणारा माल दुसऱ्या देशाने सबळ कारणाशिवाय अडवू नये. १९८५ मध्ये युरोपीय समुदायाने ‘नवा दृष्टिकोन’ स्वीकारला. कायद्याने फक्त मूलभूत अपेक्षा सांगायच्या आणि तांत्रिक तपशील सामाईक मानकांवर सोपवायचा, हे त्याचे सूत्र.

९/
बांधकाम साहित्यासाठीचा निर्देश डिसेंबर १९८८ मध्ये आला. जुलै १९९३ च्या दुसऱ्या निर्देशाने ‘सीई चिन्हांकन’ ही संज्ञा सर्वत्र एकसारखी केली. तरीही ब्रिटन, आयर्लंड, स्वीडन यांसारखे देश बांधकाम साहित्यावरील हे चिन्ह ऐच्छिक मानत राहिले. हा घोळ २०११ च्या ३०५ क्रमांकाच्या नियमनाने मिटवला. १ जुलै २०१३ पासून, सामाईक मानक असलेले कोणतेही बांधकाम उत्पादन युरोपीय संघाच्या बाजारात आणायचे तर सीई चिन्ह सक्तीचे झाले. अपवाद मोजके राहिले.

१०/
आता लाकडाकडे वळू. भार पेलणाऱ्या कापीव लाकडासाठी ईएन १४०८१ हे मानक आहे. त्यानुसार प्रत्येक तुळईची प्रतवारी होते, डोळ्याने किंवा यंत्राने. युरोपातील वखारीत ‘सी २४’ ही प्रत सर्रास दिसते. यातील ‘सी’ म्हणजे सूचिपर्णी झाडाचे लाकूड आणि २४ हा आकडा वाकताना टिकण्याची ताकद सांगतो : दर चौरस मिलिमीटरला २४ न्यूटन. डोळ्याने प्रतवारी करणारा माणूस काय पाहतो? गाठी किती मोठ्या आहेत, रेषा किती तिरकी आहे, लाकूड कुठे चिरले आहे. गेवराईचा सुतार पाहत होता तेच. फरक इतकाच की इथे निरीक्षणाचा आकडा झाला आणि तो आकडा अभियंत्याच्या गणितात बसला.

११/
प्लायवुड, पार्टिकल बोर्ड, फायबर बोर्ड अशा तक्त्यांसाठी ईएन १३९८६ हे मानक आहे. त्यात ताकदीसोबत आणखी काही प्रश्न येतात. आग लागली तर तक्ता कसा वागेल? ओलाव्यात गोंद धरून राहील का? बंद खोलीत तक्त्यातून फॉर्मल्डिहाइड वायू किती सुटेल? शेवटच्या प्रश्नासाठी ‘ई १’ हा वर्ग आहे : चाचणीच्या कोठडीत हवेच्या एका घनमीटरमागे ०.१२४ मिलिग्रॅमपेक्षा अधिक वायू आढळू नये. माळवदाच्या घरात हा प्रश्नच नव्हता, कारण तिथे गोंदाचे तक्ते नव्हते. नवी वस्तू आपल्याबरोबर नवे प्रश्न आणते आणि खुणेला ते पोटात घ्यावे लागतात.

१२/
मग सीई चिन्ह लावतो कोण? बहुतेकांचा इथे गैरसमज होतो. चिन्ह उत्पादक स्वतः लावतो. त्याआधी त्याला ‘कामगिरीची घोषणा’ नावाचा दस्तऐवज काढावा लागतो : माझ्या तक्त्याची ताकद इतकी, आगीतील वर्ग अमुक, वायूचा वर्ग तमुक. वस्तू जितकी जोखमीची, तितकी बाहेरची देखरेख कडक. भार न पेलणाऱ्या साध्या तक्त्याला बहुधा उत्पादकाचीच तपासणी पुरते. भार पेलणाऱ्या तक्त्यासाठी अधिसूचित संस्था कारखान्याचे उत्पादन-नियंत्रण तपासते. थर चिकटवून केलेल्या मोठ्या तुळयांच्या बाबतीत ती उत्पादनाचे प्रमाणपत्रच देते.

१३/
आयएसआय आणि सीई यांच्यातील भेद इथे उघड होतो. आयएसआय हा परवाना आहे. भारतीय मानक ब्यूरो तो देते, कारखाना आणि माल तपासते, परवाना रद्दही करू शकते. माल ठरलेल्या मानकाला उतरतो, असे ती संस्था म्हणते. बांधकाम साहित्यावरील सीई चिन्हाचा अर्थ असा, की माल कसा आहे हे उत्पादकाने सामाईक भाषेत जाहीर केले आहे आणि त्या शब्दांची जबाबदारी त्याच्यावर आहे. दुबळा तक्तासुद्धा सीई चिन्ह लावू शकतो, फक्त आपला दुबळेपणा त्याने खरा सांगितला पाहिजे. तो तक्ता आपल्या कामाला पुरेल की नाही, हे घोषणा वाचून ग्राहकाने ठरवायचे.

१४/
सीई चिन्हाची संज्ञा ज्या १९९३ साली पक्की झाली, त्याच साली सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात लाकूड, दगड आणि मातीची परीक्षा झाली. ३० सप्टेंबरच्या पहाटे, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून गावे झोपली होती. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. काही नोंदींत हा आकडा त्याहून मोठा आहे. तीव्रतेच्या मानाने मृत्यू फार झाले, कारण माणसे आपल्याच घरांखाली गाडली गेली. ती घरे गोदाकाठच्या घरांचीच भावंडे होती : दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवद.

१५/
पाहणीत अनेक ठिकाणी एक विलक्षण दृश्य दिसले. भिंती कोसळून ढिगारा झाल्या होत्या, पण लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा होता. छताचे ओझे खांबांवर होते तिथे छत तरले. ते भिंतींवर होते तिथे भिंतीबरोबर खाली आले. भिंतींचाही दोष ठळक होता. बाहेरचा आणि आतला थर यांना जोडणारे आरपार दगड बहुधा नव्हते, त्यामुळे हादरा बसताच भिंत फुगून फुटली. सुताराचे लाकूड परीक्षेत पुष्कळ ठिकाणी उतरले. मात्र लाकूड आणि भिंत यांची सांगड घालायची, ती कोणी घातली नव्हती.

१६/
भूकंपाच्या तत्कालीन नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होते. २००२ च्या सुधारणेत पहिले क्षेत्रच रद्द झाले आणि हा भाग तिसऱ्या क्षेत्रात गेला. कमकुवत दगडी घरांसाठीचे आयएस १३८२८ हे मार्गदर्शक मानकही १९९३ चेच आहे. भिंतीत आरपार दगड घाला, चारही भिंतींना बांधणारा पट्टा द्या, असे उपाय त्यात आहेत. भूकंपानंतर जुन्या घरांच्या मजबुतीकरणात माळवदावरची माती कमी करणे आणि खांब-तुळईच्या कोनात तिरके टेकू देणे यांवर भर राहिला. उपाय साधे होते, पण ते प्रत्येक घरापर्यंत नेणारी व्यवस्था कुठल्याही शिक्क्यात नसते.

१७/
युरोपच्या नियमांनाही ही मर्यादा आहे. सीई चिन्ह वस्तूवर असते, इमारतीवर नसते. सी २४ ची तुळई चुकीच्या सांध्याने बसवली, तर चिन्ह तिला वाचवत नाही. इमारत कशी असावी हे ठरवण्याचा अधिकार युरोपात आजही प्रत्येक सदस्य देशाकडे आहे. म्हणजे वस्तूची खूण एकीकडे, घराची जबाबदारी दुसरीकडे. किल्लारीत याच दोहोंमधल्या फटीत माणसे सापडली होती.

१८/
खुणेचा प्रश्न अजून बदलतो आहे. भारतात २०२३ पासून केंद्र सरकारने गुणवत्ता नियंत्रण आदेशांच्या मार्गाने प्लायवुड आणि लाकडी तक्त्यांसाठी आयएसआय चिन्ह सक्तीचे करण्याची पावले उचलली. युरोपीय संघाने २०२४ मध्ये ३११० क्रमांकाचे नवे बांधकाम उत्पादन नियमन केले. त्यात पर्यावरणीय परिणामांची घोषणा आहे, डिजिटल उत्पादन पारपत्र आहे आणि वापरलेल्या, पुन्हा विकल्या जाणाऱ्या साहित्याचाही विचार आहे. ‘कोणाचे’, ‘कसे’, ‘किती पेलेल’ यांच्या जोडीला ‘कुठून आले आणि पुढे कुठे जाईल’ हा चौथा प्रश्न आला.

१९/
हा चौथा प्रश्न मराठवाड्यालाही लागू आहे. जुने वाडे उतरवले जातात, तेव्हा सागवानी खांब आणि तुळया पुन्हा विकल्या जातात. त्यांवर आयएसआय नाही, सीई नाही, बहुतेकदा वनखात्याचा ठसाही नाही. त्या किती पेलू शकतात हे पाहणारा डोळा गावोगाव विरळ होत चालला आहे आणि त्या डोळ्याची जागा घेणारी चाचणी तिथवर पोहोचलेली नाही. त्या तुळयांचे मोल आज बहुधा नक्षीवरून आणि घनफुटावरून ठरते; त्या पिढ्यान्पिढ्या काय पेलत आल्या, याची नोंद कुठेही होत नाही.

२०/
तेव्हा पुढच्या वेळी तक्त्यावर शिक्का दिसला, तर तीन गोष्टी पाहाव्यात. शिक्का कोणी दिला? तो नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे? आणि कोणता प्रश्न त्याने आपल्यावर सोडला आहे? आयएसआयचा परवाना क्रमांक मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो आणि सीई चिन्हामागची घोषणा मागून वाचता येते. भिंत आणि तुळई यांची सांगड मात्र घर बांधणाऱ्यालाच घालावी लागते, कारण तिच्यावर कोणाचाही शिक्का नसतो.