कचारगडचे लोखंड आणि दातांवरील तार

१/ गोंदिया जिल्ह्यातील दरेकसा स्थानकावर माघ पौर्णिमेला हजारो गोंड भाविक उतरतात आणि कचारगडच्या गुहेची वाट धरतात. 'कचारगड' या नावाचा संबंध गोंडीतील लोखंडवाचक शब्दाशी जोडला जातो. हे लोखंड माणसाच्या तोंडात टिकू लागले, त्याचा हा इतिहास.

२/ मध्य प्रांतातील अगरिया कारागीर मातीच्या भट्टीत, लाकडी कोळशावर, पायांनी भाते चालवून लोखंड काढीत. ते वितळून वाहत नसे. मऊ गोळा बाहेर येई आणि घणाखाली ठोकून घडविला जाई, म्हणून ते 'घडीव' लोखंड.

३/ १८८० च्या दशकात नागपूर–छत्तीसगड रेल्वे याच डोंगराळ भागातून गेली. लोहमार्गांनी आणलेल्या स्वस्त विलायती लोखंडापुढे अगरियांच्या भट्ट्या विझत गेल्या. व्हेरियर एल्विन यांनी १९४२ मध्ये त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

४/ मात्र घडीव असो वा ओतीव, साधे लोखंड लाळेत गंजतेच. त्यामुळे दात सरळ करण्याच्या तारांसाठी प्रामुख्याने सोन्याचे मिश्रधातू वापरले जात. मृत्युसमयी मुखात सोन्याचा कण ठेवण्याची चाल आपल्याकडे होतीच. जिवंतपणी तोंडात सोने बाळगणे मात्र मोजक्यांनाच परवडे.

५/ १९१२ मध्ये जर्मनीतील क्रुप कारखान्याने क्रोमियम-निकेलयुक्त पोलादाचे पेटंट घेतले. १९१३ मध्ये शेफील्डचे हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळीसाठी पोलाद शोधताना न गंजणाऱ्या पोलादापाशी पोहोचले. सुमारे १२ टक्के क्रोमियम असले, की पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर बसतो. तो ओरखडला तरी पुन्हा तयार होतो.

६/ १९१९ मध्ये क्रुपच्याच दंतचिकित्सालयातील डॉ. हाउप्टमायर यांनी हे पोलाद दंतोपचारात आणले. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल हे त्याचे रूढ प्रमाण. ही तार साच्यात ओतत नाहीत. थंड अवस्थेत छिद्रांतून ओढून बारीक करतात. त्या ताणानेच तिला बळ येते. म्हणजे तीही घडीवच.

७/ अडचण होती ती डाग देण्याची. तार अधिक तापली, तर ओढण्याने आलेले बळ जाते आणि क्रोमियम कार्बनशी बांधले जाऊन गंजरोधही घटतो. कमी तापमानाचा चांदीचा डाग आणि क्षणभराचे विद्युत-जोडकाम यांनी ती सुटली. सोन्याच्या तारेपेक्षा पोलाद सुमारे दुप्पट ताठ असल्याने बारीक तारही पुरू लागली.

८/ मुंबईत नायर दंत महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झाले, ते याच संक्रमणाच्या दशकात. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ चे. त्याआधीच, १९५० च्या सुमारास, लहान मुलांच्या किडलेल्या दुधाच्या दाढांवर पोलादी टोप्या बसू लागल्या होत्या.

९/ गोंदिया १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. त्याच भंडाऱ्यात पवनीजवळ क्रोमियमचे खनिज, क्रोमाइट, सापडते. लोखंड आणि त्याला गंजापासून वाचविणारा धातू एकाच मुलखात होते. पण क्रोमियम खनिजातून सोडवण्याइतकी आच मातीच्या भट्टीत नव्हती. ती विजेच्या भट्टीने दिली, तेव्हा अगरियांच्या बहुतेक भट्ट्या थंडावल्या होत्या.