कुळे स्थानकाच्या नावातील ‘म’

बेळगावहून लोंढ्यामार्गे गोव्याकडे निघालेली गाडी कॅसलरॉकनंतर ब्रागांझा घाट उतरू लागते आणि दूधसागर मागे टाकून पायथ्याच्या एका लहानशा स्थानकावर येते. गावाचे नाव कुळे. गाडीतील प्रवासी मात्र सर्रास ‘कुलेम’ म्हणतात. त्यांत आम्ही सीमाभागातील मराठी माणसेही आलो.

हा ‘म’ आला कोठून? 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज करारातून मुरगाव ते कॅसलरॉक हा सुमारे 82 किलोमीटरांचा लोहमार्ग निघाला व 1888 मध्ये पूर्ण झाला. कॅसलरॉक हे ब्रिटिश हद्दीतील शेवटचे स्थानक, तर कुळे पोर्तुगीज हद्दीत. साहजिकच गावाचे नाव रोमी लिपीत पोर्तुगीज वळणाने लिहिले गेले : सी-ओ-एल-एल-ई-एम. पोर्तुगीज भाषेत शब्दाच्या अखेरचा ‘एम’ ओठ मिटून उच्चारायचा नसतो. आधीचा स्वर नाकातून काढावा, एवढेच तो सांगतो. म्हणजे लिहिणाऱ्याने ‘कुळें’ हाच उच्चार टिपला होता. ‘ळ’साठी त्याच्या लिपीत अक्षर नव्हते, हा दोष त्याचा नव्हे.

हाच अनुस्वार आपल्याही लेखनात होता. 1962 च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वी आपण पुणें, ठाणें, सावर्डें असेच लिहीत होतो. कोकणीत तो आजही उच्चारला जातो. मराठीने लेखनातून वगळलेली खूण पोर्तुगीज वर्णलेखनात टिकून राहिली, ही गंमतच म्हणायची! पुढे इंग्रजीच्या सवयीने वाचणाऱ्यांनी त्या ‘एम’चा पुरता ‘म’ केला. स्थानकाचे रोमी लेखन नंतर सुधारले. ‘सी’च्या जागी ‘के’ आला, ‘ओ’च्या जागी ‘यू’, एक ‘एल’ गळला. सुधारणा नेमकी जेथे हवी होती, तो ‘एम’ मात्र जागचा हलला नाही. पेडण्याचे ‘पेर्नेम’ आणि थिवीचे ‘थिविम’ याच वाटेने झाले.

बेळगावचे नाव 1 नोव्हेंबर 2014 रोजी सरकारी आदेशाने बदलले गेले, आणि त्याविषयी आम्ही आजही बोलतो, बोलत राहू. कुळ्याच्या बाबतीत दोष देण्यासाठी असा कोणताही आदेश सापडत नाही. तेथे आमचीच जीभ पाटीवरील रोमी अक्षरांच्या मागे गेली. संगणकात नोंद कशीही असो, तिकीट-खिडकीवर ‘एक कुळे द्या’ म्हणण्यास कोणाचीच मंजुरी लागत नाही.