काचेच्या पेटीतला समुद्र

श्रोतेहो, कोळंबी म्हटली की किनाऱ्यावरच्या माणसाला जाळे आठवते आणि देशावरच्या माणसाला बाजार. पण आज ज्या कोळंबीची गोष्ट सांगायची आहे ती ताटातली नव्हे. ती आहे काचेच्या पेटीत, खाऱ्या पाण्यात जिवंत ठेवायची कोळंबी.

शहरांतून हौशी मंडळी घरी खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी ठेवतात. नवी पेटी आणायची, पाण्यात समुद्री क्षार कालवायचे, आणि पहिला पाहुणा म्हणून लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एखादी कोळंबी आत सोडायची. पाणी कसे आरशासारखे स्वच्छ! आणि तरीही कित्येकदा आठवडा उलटायच्या आत कोळंबी मरून पडते. आपण म्हणाल, पाणी स्वच्छ, खाणे वेळच्या वेळी, मग ती मेली कशाने? हेच कोडे एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या लोकांना पडले होते. ते उलगडायला जवळजवळ साठ वर्षे लागली. त्या साठ वर्षांची ही हकीकत.

आरंभ होतो इटलीजवळच्या सिसिली बेटावर. तेथे मेसिना शहरात झान व्हिलप्रो-पॉवर नावाची एक फ्रेंच बाई राहत असे. मूळची ती शिवणकाम, भरतकाम करणारी. आर्गोनॉट नावाचा अष्टपादाच्या जातीचा एक प्राणी पातळ, सुबक शिंपल्यात राहतो. तो शिंपला त्याचा स्वतःचा, की शंखातल्या खेकड्याप्रमाणे दुसऱ्याचा बळकावलेला, यावर विद्वानांत वाद होता. बाईंनी १८३२ साली काचेच्या पेट्या करवून घेतल्या, त्यांत हे प्राणी ठेवले आणि नित्य पाहत राहिल्या. शिंपला फोडला तर प्राणी तो स्वतः सांधतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि वाद मिटवला. पण त्यांचे एक सोयीचे होते. समुद्र त्यांच्या दारातच होता.

समुद्रापासून लांब राहणाऱ्याने काय करावे? १८४६ साली अ‍ॅना थिन नावाच्या बाईंनी इंग्लंडच्या किनाऱ्यावरील टॉर्की गावाहून काही दगडी पोवळी लंडनला घरी नेली. रोज ताजे समुद्रजल आणवणे शक्य नव्हते. मग त्यांनी काय केले? आपल्याकडे दूध निववतात ना, तसे उघड्या खिडकीसमोर तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतण्याचा क्रम सुरू केला. अर्धा-पाऊण तास हे काम घरातली मोलकरीण करीत असे. पुढे त्यांनी पाण्यात समुद्री शेवाळ असलेले दगडही ठेवले. मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या यादीत त्या मोलकरणीचे नाव नाही. पण पोवळी जगली ती तिच्या हातांनी, हे आपण विसरू नये.

त्यानंतर आला रॉबर्ट वॉरिंग्टन हा रसायनशास्त्रज्ञ. त्याने गोड्या पाण्याच्या पेटीत दोन सोनेरी मासे आणि एक पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीची पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाऊन टाकली. १८५० साली त्याने हे प्रसिद्ध केले. वनस्पती प्राणवायू देते, प्राणी तो घेतो, आणि हिशेब जुळतो, असा त्याचा सिद्धांत. पुढे खाऱ्या पाण्यातही त्याने हाच प्रयोग केला. फिलिप हेन्री गॉस हा निसर्गलेखक त्याच मार्गावर होता. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्यासाठी गॉसने समुद्रजीव पुरवले. १८५४ साली त्याचे या विषयावरचे पुस्तक आले आणि इंग्लंडात जणू साथच पसरली! इंग्लंडात काचेवरचा कर १८४५ सालीच उठला होता, त्यामुळे पेट्याही स्वस्त झाल्या होत्या. घरोघरी दिवाणखान्यात समुद्र आला.

आणि घरोघरी तो नासू लागला. लोक किनाऱ्यावर जात, खडकांतल्या डबक्यांतून कोळंब्या, खेकडे, समुद्रफुले खरवडून आणीत, आणि सगळे एकदम नव्या पाण्यात सोडीत. पाणी दुधाळ होई, वास मारू लागे, जीव मरत. मग पुन्हा किनाऱ्यावर फेरी. दहा-पंधरा वर्षांत ते वेड ओसरले, पण तोवर कितीतरी डबकी ओस पडली होती. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ साली वडिलांच्या आठवणी लिहिल्या, त्यांत या नासधुशीबद्दल मनापासून हळहळ व्यक्त केली आहे. वडिलांचा हेतू सृष्टीची ओळख करून देण्याचा. फळ मात्र उलटे आले.

चूक कोठे होती? सारे जण एकट्या प्राणवायूचा हिशेब करीत होते. प्राण्याच्या मलमूत्रातून आणि उरल्यासुरल्या अन्नातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पाणी निर्मळ दिसते आणि विषारी असते.

विल्यम आल्फर्ड लॉइड या हिकमती माणसाला अनुभवाने एक गोष्ट उमगली होती. जुने पाणी फेकायचे नाही. ते अंधारात साठवायचे आणि सतत फिरते ठेवायचे. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्याने उभारलेल्या मत्स्यालयाखाली पेट्यांहून कितीतरी मोठी टाकी होती आणि पंपाने पाणी फिरत असे. जुने पाणी चांगले, हे त्याला ठाऊक होते. का चांगले, हे ठाऊक नव्हते.

उत्तर आले ते समुद्राकडून नव्हे, सांडपाण्याकडून. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लेसिंग आणि म्युंट्झ या दोघांनी वाळू व चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपू दिले. वीस दिवस काहीच घडले नाही. नंतर अमोनिया कमी होऊ लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट दिसू लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच काम बंद पडले. म्हणजे हे काम वाळूचे नव्हे, वाळूवर वस्ती केलेल्या सूक्ष्म जंतूंचे! १८९० साली रशियन शास्त्रज्ञ विनोग्राद्स्की याने झुरिकमध्ये असे जंतू वेगळे करून दाखवले. एक जात अमोनियाचे नायट्राइट करते, दुसरी त्याचे नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही विषारी. नायट्रेट पुष्कळच सौम्य.

शेतकरी बंधूंनो, हे जंतू आपल्याला परके नाहीत. जुन्या गोठ्याच्या भिंतीवर पांढरा सोरा फुलतो, तो यांच्याच कामगिरीचा. कच्चे शेणखत पिकाला जाळते आणि कुजलेले खत पोसते, त्यामागेही यांचा हात आहे. विरजणाशिवाय दूध लागत नाही. तसेच हे पाण्याचे विरजण समजा.

म्हणून आजचा जाणता माणूस नव्या पेटीत लगेच जीव सोडत नाही. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात समुद्री क्षार कालवतो. साधे मीठ चालत नाही, कारण समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियमही असते. जुन्या पेटीतली मूठभर वाळू घालतो, चिमूटभर खाद्य टाकतो आणि चार ते सहा आठवडे थांबतो. अमोनिया वाढून उतरतो, मग नायट्राइट वाढून उतरते. दोन्ही शून्यावर आली की मगच पहिली कोळंबी. तीही एकदम नाही; तिच्या पिशवीत नव्या पेटीतले पाणी थेंब-थेंब मिसळून, तासा-दोन तासांनी. आणि तांब्याचे भांडे मात्र पाण्याजवळ नको. कोळंबीच्या रक्तात तांबे असते खरे, पण पाण्यात थोडे जास्त झाले की तेच तिला विष होते.

शिक्षकांना एक विनंती. १९५१ साली मुंबईत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन झाले, तेव्हापासून आपल्या मुलांनाही पाण्यातले जग काचेतून पाहायला मिळाले. शाळेत एवढा खटाटोप नको. गोड्या पाण्याची एक बरणी, पाणवनस्पती आणि चार गोगलगायी पुरेत. किनाऱ्यावरच्या शाळांनी मुलांना ओहोटीच्या वेळी डबकी दाखवावीत, पण जीव उचलून आणू देऊ नयेत. पोवळ्यांना तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

मुलांना एवढे सांगावे की दिसते तेवढेच पाणी नसते. न दिसणाऱ्यांची वस्ती आधी होते, मग दिसणाऱ्याला घर मिळते. मधले सहा आठवडे रिकाम्या पेटीकडे पाहत बसणे कंटाळवाणे खरे. पण पहिल्या कोळंबीचा जीव त्या कंटाळ्यावरच अवलंबून असतो.