कोल्हापूरची ख्रिस्ती मंडळी व पंक्तिभेदाचा प्रश्न

एखाद्या उपासक-समाजाचा इतिहास लिहितांना देवळाचा पाया कधीं घातला, धर्मोपदेशक कोण कोण झाले, एवढें नमूद करून थांबण्याची आपल्याकडे रीत आहे. आमच्या मतें तेवढ्यानें समाजाचें अंतरंग कळत नाहीं. कोण कोणाशेजारीं बसे, कोण कोणाच्या हातचें पाणी घेई, हें कळल्यावांचून या देशांतील कोणत्याही समाजाचा इतिहास पुरा होत नाहीं. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत श्राद्धप्रसंगीं पंक्ति पावन करणारे कोण व पंक्तीस अयोग्य कोण, यांच्या याद्याच दिल्या आहेत. पंक्ति हा केवळ भोजनाचा प्रकार नसून समाजरचनेचा दंडक होता. कोल्हापुरांतील ख्रिस्ती मंडळीनें त्या दंडकाचें काय केलें, हें प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे.

रॉयल गोल्ड वाइल्डर हा अमेरिकन मिशनरी १८४६ त हिंदुस्थानांत आला आणि अहमदनगरास कांहीं वर्षें काम करून १८५२ त कोल्हापुरास गेला. तेव्हां गादीवर बाबासाहेब महाराज होते. गडकऱ्यांच्या १८४४ च्या बंडानंतर कारभारावर इंग्रजांची देखरेख बसली होती. पुढें ज्या बोर्डानें त्याला पाठविलें त्याच्याशींच त्याचा मतभेद झाला. १८६१ त तो स्वतंत्रपणें परत आला, आणि १८७० त हें काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलें. शहरांतील वाइल्डर मेमोरियल चर्चच्या नांवानें त्याची आठवण राहिली आहे.

या मंडळींत येणें सोपें नव्हतें. धर्म बदलणाराचा वारसाहक्क राखणारा १८५० चा एकविसावा कायदा कंपनीच्या मुलखापुरता होता. संस्थानांत तो आपोआप लागूं होत नसे. जात जाई, सोयरे तुटत, वडिलार्जित वांट्याची शाश्वती उरत नसे.

येथें युरोपांतील एक उदाहरण ताडून पाहण्यासारखें आहे. १५२५ च्या जानेवारींत झूरिक येथें कांहीं जणांनीं जाणत्या वयांत पुन्हां बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या परंपरेंतील मेनो सायमन्स (१४९६–१५६१) याच्या नांवावरून मेनोनाइट पंथ ओळखला जातो. मंडळीचें सभासदत्व जन्मानें मिळत नसून स्वेच्छेनें पत्करावयाचें, हा त्यांचा मूळ सिद्धांत. परस्परांचे पाय धुण्याचा विधि त्यांच्या बऱ्याच शाखांत आहे. १८९९ त त्यांचें मिशन धमतरीस आलें. प्रेस्बिटेरियन लोक अर्भकांनाही बाप्तिस्मा देतात, तेव्हां सिद्धांत भिन्न. परंतु कोल्हापुरांतील पहिली पिढी जाणतेपणीं व किंमत मोजून आंत आली, त्यामुळें तिची मंडळीही वस्तुतः निवडीनें झालेलीच होती.

उपासनेची भाषा मराठी होती. शास्त्रवाचन, प्रार्थना, गायन व प्रवचन हा क्रम. कारभार सभासदांनीं निवडलेल्या वडिलांकडे. रेव्ह. नारायण वामन टिळकांसारख्यांच्या रचना गीतसंग्रहांत आल्यावर अभंगाचें वळण उपासनेला लाभलें. पण खरी कसोटी गायनाची नव्हे, प्रभुभोजनाची. त्या विधींत एकच भाकर मोडावयाची व द्राक्षरस सर्वांनीं मिळून घ्यावयाचा. ज्या समाजांत पाण्याचा स्पर्श हाच सोवळ्याओवळ्याचा निकष, तेथें हा विधि म्हणजे प्रवचनाहून मोठा सिद्धांत होय. ज्याला तो घेववेना, तो कितीही विद्वान असला तरी मंडळीबाहेरच.

तथापि एवढ्यावरून जात संपली असें म्हणणें घाईचें होईल. प्रभुभोजनांत मोडलेली पंक्ति सोयरिकीच्या वेळीं पुन्हां मांडली जाते, हा अनुभव महाराष्ट्रांतील ख्रिस्ती समाजांतही आहे. शिवाय बाप्तिस्मा हीच नवी भिंत होते, हें टिळकांनीं ओळखलें. १९१७ त त्यांनीं साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना सारखेंच स्थान होतें. १९१९ त टिळक निवर्तले, व तो प्रयोग बाल्यावस्थेंतच राहिला.

त्याच सुमारास कोल्हापुरांत हाच प्रश्न देवळाबाहेर राजसत्तेनें हातीं घेतला. शाहूमहाराजांनीं गंगाराम कांबळे यांस चहाचें दुकान घालण्यास साहाय्य केलें व स्वतः तेथें चहा घेतला. १९१९ त सार्वजनिक जागीं अस्पृश्यता पाळूं नये असे हुकूम निघाले. मंडळीचा पेला व कांबळ्यांचा पेला यांचीं कारणें निराळीं, पण दोहोंचा आघात एकाच दंडकावर झाला. भेद इतकाच कीं, मंडळीचा पेला घेण्यासाठीं घर सोडावें लागे. कांबळ्यांचा पेला घेण्यासाठीं केवळ अभिमान सोडावा लागे.

हा विषय केवळ जुन्या कुतूहलाचा नव्हे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला; १९५६ त शीख व १९९० त बौद्ध त्यांत आले, ख्रिस्ती आले नाहींत. या प्रश्नाच्या विचारार्थ केंद्र सरकारनें २०२२ त आयोग नेमला. धर्मांतरानें माणसाची जात खरोखर सुटते काय, हें येथें विचारलें जात आहे. त्याचें उत्तर मताग्रहानें देतां येणार नाहीं. वडील मंडळाच्या सभांचीं टिपणें, बाप्तिस्म्याच्या व विवाहांच्या नोंदवह्या, दफनभूमींतील शिळा हींच त्याचीं साधनें. विवाहाच्या नोंदींतील दोन्हीं घराण्यांचीं मूळ गांवें व आडनांवें ताडून पाहिलीं, तरी पंक्ति कोठें मोडली व कोठें अखंड राहिली हें बरेंच कळेल. कागद वाळवीच्या मुखीं पडण्यापूर्वीं ज्यांच्या घरीं व देवळांत तो आहे, त्यांनीं तो अभ्यासकांना पाहूं द्यावा, अशी आमची विनंति आहे.